३० बाय ४० चा प्लॉट : आधी खोल्या की आधी मार्जिन आणि जिना?

तिरकी वीट
ओळखीत कुणाचं घर बांधायचं निघालं की वहीचं पान पुढे येतं. त्यावर आधी हॉल, मग देवघर, मग मास्टर बेडरूम आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या कोपऱ्यात जिना, तोही नुसत्या चार रेघा. माझं मत बरोबर उलटं आहे. आधी मार्जिन, म्हणजे घराभोवती हद्दीपर्यंतची मोकळी जागा सोडा, मग जिना टाका, मग संडास-बाथरूम खाली-वर एका रेषेत घ्या, आणि उरेल त्यात खोल्या.

१२०० फूट ऐकायला भारी वाटतं. मार्जिन किती ते रस्त्याची रुंदी, प्लॉटचं माप, गावठाणात आहे की बाहेर यावर ठरतं, पण समजा पुढे १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५-५ सोडायचे आहेत, तर हातात राहतं २० बाय २५, म्हणजे ५००. त्याला बाहेरून ९ इंची भिंत फिरवली की आत साडेअठरा बाय साडेतेवीस, म्हणजे जेमतेम ४३५ फूट. आता बसवा त्यात तुमचा १४ बाय १८ चा हॉल!

आणि लोक एफएसआयच्या (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्या आकड्याच्या) नावाने रडतात ते वेगळंच. १.१ चा मूळ एफएसआय धरला तरी १३२० फूट मिळतात, दोन मजल्यांत होतात १०००. एफएसआय उरतो, जागा संपते. छोट्या प्लॉटला अडवतं ते मार्जिन.

गल्लीतला शहाणा
वीटभाऊ, कागदावर सगळं बरोबर आहे हो. पण मंजुरीला एक नकाशा आणि बांधायला दुसरा हे काय आज सुरू झालंय का? आमच्या अख्ख्या गल्लीत साइड मार्जिन सोडलेलं एक घर दाखवा. जमीन मी घेतली, घरपट्टी मी भरणार आणि ५ फुटांची बोळ कुणासाठी सोडू, उंदरांसाठी? शिवाय डिसेंबर २०२० पासून राज्याची ती नवी एकत्रीकृत बांधकाम नियमावली आलीये ना, त्यात १५० चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही. १२०० फूट म्हणजे १११ मीटर. विषय संपला.

साइटवरचा माणूस
@गल्लीतला शहाणा, विषय तिथेच सुरू होतो दादा. हे अर्धवट वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. परवानगी लागत नाही म्हणजे काय, तर आर्किटेक्टच्या नाहीतर लायसन्सवाल्या इंजिनिअरच्या सहीचा प्लॅन द्यायचा, शुल्क भरायचं आणि ती पोच हीच परवानगी. वाचतात त्या टेबलाच्या फेऱ्या. मार्जिन तेच, एफएसआय तोच. १५० ते ३०० मीटरला १० दिवसांत मंजुरी असं आहे. आणि ही नियमावली मुंबई महापालिकेला लागू नाही, तिथलं गणित वेगळं, उगाच कुणी इथलं वाचून तिकडे लावू नका.

बोळीचं म्हणाल तर ड्रेनेजची लाइन, चेंबर, बाहेरून प्लास्टर करायला परांची, हे सगळं त्या ५ फुटांत होतं. तुम्ही हद्दीपर्यंत गेलात आणि शेजारीही हद्दीपर्यंत आला की तुमची बेडरूमची खिडकी त्याच्या भिंतीत उघडणार. मधल्या सांध्यात पाणी मुरलं की पोपडे दोघांच्याही घरात, आणि दुरुस्तीला आत हात जात नाही. गल्लीत सगळ्यांनी केलंय हा काही बचाव नाही, एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकाम काढा अशी नोटीस एकट्यालाही येते. विकायची वेळ आली आणि घेणाऱ्याच्या बँकेने भोगवटा प्रमाणपत्र मागितलं की मग पळापळ.

दुपारचा चहा
मला दोघांचंही पटत नाहीये. नियम मोडा असं मी म्हणणार नाही, पण वीटदादांच्या पद्धतीने नियमात बसलेलं घर होतं, राहण्यासारखं होतंच असं नाही. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहण्याच्या खोलीला किमान साडेनऊ चौ.मी. आणि २.४ मीटर रुंदी दिलीये, म्हणजे पावणेआठ-आठ फूट. आता या ८ फुटांत ६ फूट रुंदीचा डबलबेड टाका. उरले २. तेवढंच कपाट खोल असतं. बेडच्या कडेला बसून कपाटाचं दार कसं उघडायचं ते एकदा करून दाखवा कुणीतरी! म्हणून मी आधी माणसं मोजते. सासूबाईंचे गुडघे गेलेत तर खाली एक बेडरूम आणि तिला लागून बाथरूम हवंच, दार वॉकर जाईल एवढं रुंद, मधे उंबरठा नको. ते पक्कं झाल्यावर मग जिना कुठे घ्यायचा ते बघू. जिना काय, तीन फुटांत वळवता येतो.

साइटवरचा माणूस
ताई, कपाटाचं शंभर टक्के बरोबर, किमान माप हे खोलीचं माप नव्हेच. पण जिना तीन फुटांत वळत नाही. मजल्याची उंची १० फूट धरा, १८ चढ, प्रत्येक पावणेसात इंचाच्या आतला. पायरी १० इंची. मधे वळण घेतलं तर एका बाजूला ८ पायऱ्या, म्हणजे ८० इंच, अधिक लँडिंग ४० इंच, झाले १० फूट. रुंदी कोडप्रमाणे किमान १ मीटर, दोन रांगा आणि मधली फट मिळून ७ फूट. म्हणजे ७ बाय १०. तुमच्या ४३५ मधले ७० फूट गेले, आणि पायथ्याशी उभं राहायची जागा यात धरलेली नाही. हा चौकोन नंतर सरकवता येत नाही कारण वरचा मजला त्याला बांधलेला. बेड सरकतो.

गल्लीतला शहाणा
मग जिना बाहेरून घ्या की राव! वरचा मजला भाड्याने देता येतो, दोन भावांत वाटणी झाली तर कटकट नाही. आणि बाल्कनी मोठ्या काढा, त्या फुकटात असतात.

तिरकी वीट
बाल्कनी फुकटचे दिवस गेले शहाणेराव, नव्या नियमावलीत पी-लाइनच्या, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या रेषेच्या आतलं सगळं एफएसआयमध्ये मोजतात, बाल्कनी आणि जिना धरून. बाहेरचा जिना म्हणजे तो मार्जिनमध्ये ढकलायचा हेच तुमच्या डोक्यात आहे. घराच्याच रेषेत ठेवून त्याला रस्त्याकडून वेगळं दार द्या, मग भाड्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण एकच कुटुंब खाली-वर राहणार असेल तर पावसात रात्री छत्री घेऊन वर झोपायला जायचं का?

@दुपारचा चहा, खाली बेडरूम हवीच हे मान्य. पण ती बसते की नाही हे जिना टाकल्यावरच कळतं ना. ४३५ मधून ७० गेले, ३६५ उरले. त्यात ११ बाय १२ ची बेडरूम, ४ बाय ८ चं बाथरूम, ८ बाय १० चं स्वयंपाकघर. हॉलला आतल्या भिंती आणि जायच्या-यायच्या वाटेसकट १२० राहतात. हे आधीच कळलं तर सोफा छोटा घेऊ. जोतं झाल्यावर कळलं तर?

दुपारचा चहा
हॉल छोटा चालेल. पाहुणे तासभर येतात, सासूबाई चोवीस तास आहेत. पण मग तुमच्या ओळीत बदल करा : मार्जिन, खालची बेडरूम, मग जिना. बेडरूम शेवटच्या नंबरवर नको.

साइटवरचा माणूस
आरसीसी फ्रेम असेल तर बाहेरून ९ इंची विटेऐवजी ६ इंची ब्लॉक घ्या. आत १९ बाय २४ मिळतं, ४५६. वाढलेले २१ फूट ताईंच्या बाथरूमला द्या, वॉकर फिरेल. पण पश्चिमेची भिंत पातळ झाली की दुपारी तापते, तिकडे बेडरूमऐवजी जिना टाका.

ईशान्य कोपरा
आग्नेयेला स्वयंपाकघर आणि नैर्ऋत्येला बेडरूम, यावर कुणीच बोलत नाही?

तिरकी वीट
रस्ता नैर्ऋत्येला निघाला तर पुढचे १० फूट तिकडेच सोडावे लागतात. तिथे बेडरूम टाका, उघड्यावर.

गल्लीतला शहाणा
😂 हे बरं होतं. पण बोळ मी पत्र्याने झाकणारच, टू-व्हीलर भिजते.

साइटवरचा माणूस
झाका. चेंबरची झाकणं तेवढी फरशीखाली गाडू नका.