अनुभव धागा : वचन, आणि त्याच्या मागचं-पुढचं

पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं वचन आपल्याला धरून राहतं. कुणी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहितं, कुणी फोनच्या पडद्यावर ठेवतं, कुणी बाप्तिस्म्याच्या दिवशी मिळालेलं अजून जपतं. अशा वचनांबद्दल इथे लिहूया. एकच विनंती आहे. नुसतं ‘हे माझं आवडतं वचन’ एवढ्यावर थांबू नका. त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे ते वाचा, आणि मग ते रोजच्या जगण्यात कुठे उपयोगी पडलं, कुठे टोचलं ते लिहा.

ही अट का, तर अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली. नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे मिळाले ते १५५१ मध्ये, रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या आवृत्तीत. प्रेषित पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात एकही आकडा नव्हता. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, कुणीतरी ते उभं राहून वाचलं असणार, आणि बाकीच्यांनी ऐकलं असणार, आपण घरून आलेलं पत्र ऐकतो तसं. आपण त्यातली एक ओळ उचलतो. त्यात पाप काही नाही, पण ती ओळ तिच्या जागी जास्त बोलते असं माझं मत. तुमचं वेगळं असेल तर जरूर लिहा. वाद चालेल, उपदेश नको.

वाटसरू

माझं वचन सगळ्यांचंच आहे. यिर्मया २९:११. ‘ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ नोकरी गेली तेव्हा पन्नाशी जवळ आली होती, मुलांची शिक्षणं चालू होती. फोन उघडावा तर सूर्योदयाच्या चित्रावर हेच वचन, कुणी ना कुणी पाठवलेलं. मनात यायचं, हित कधी? तारीख सांगा.

एकदा चिडूनच मागचं वचन वाचलं. तारीख तिथेच आहे! सत्तर वर्षं. हा सगळा मजकूर म्हणजे बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून पाठवलेलं पत्र. ते ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना दोघांतला कोण आवडला असेल हे सांगायला नको. मला स्वतःला त्या दिवसांत हनन्याच हवा होता.

धीर आला तो पाचव्या वचनाने. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. सातव्यात तर ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेलं त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं सांगितलंय. बाबेलसाठी प्रार्थना! म्हणजे परतीचं गाठोडं बांधून दारात बसू नका, इथे जगायला लागा. मी ते अक्षरशः घेतलं आणि ओळखीतल्या एकाच्या गोदामात हिशेब लिहायचं काम धरलं. पगार जुन्याच्या निम्म्याहून कमी. अजून तिथेच आहे. तिथली दोन पोरं रात्रशाळेत जातात, त्यांचं गणित बघतो. हनन्याच्या हिशेबाने माझं काहीच परत आलेलं नाही. यिर्मयाच्या हिशेबाने अजून पुष्कळ वर्षं शिल्लक आहेत.

थोमाचा भाऊ

मार्क ९:२४. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’

मागचं-पुढचं सांगतो. एका बापाचा मुलगा बालपणापासून आजारी. शिष्यांना बरा करता आला नाही. शास्त्री वाद घालतायत, भोवती गर्दी. त्यात बाप हे ओरडून म्हणतो. येशू त्याला ‘आधी विश्वास पुरा करून ये’ असं सांगत नाही, मुलाला बरं करतो.

मी शिकतोय, प्रश्न पडतात. मंडळीत विचारले की लोक उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्यासाठी प्रार्थना सुरू करतात. (खरंच करतात, डोळे मिटून, तिथल्या तिथे.) हा बाप मला जवळचा वाटतो.

रात्रपाळी

धागाकर्ती ताई, मागचं-पुढचं वाचण्याची तुमची अट मला मान्य नाही. मी नर्स आहे. रात्री दोन वाजता एका खाटेवर ऑक्सिजन उतरत असतो, दुसरीकडे नातेवाईक ओरडत असतात. तेव्हा अध्याय कुठून वाचू? मला अर्धं वचन पुरतं. ‘कारण तू मला सोबत आहेस.’ २३व्या स्तोत्राच्या चौथ्या वचनाचा एक तुकडा. पायाला भिंगरी असते आणि मनात तेवढंच चालू असतं.

आणि शास्त्राचाच आधार हवा असेल तर नहेम्या २ बघा. राजा विचारतो, ‘तुझी विनंती काय आहे?’ त्यावर नहेम्या आधी देवाची प्रार्थना करतो, मग राजाला उत्तर देतो. प्याला देणारा नोकर राजाला किती वेळ थांबवून ठेवणार? तेवढ्या क्षणात जेवढी मावली तेवढी प्रार्थना. तिचे शब्दसुद्धा पुस्तकात दिलेले नाहीत. आम्हा पाळीवाल्यांसाठी नहेम्याच बरा.

(धागाकर्ती : रात्रपाळीताई, अर्धं पटलं. नहेम्याने त्याआधी पहिल्या अध्यायात उपास करून, रडून, सविस्तर प्रार्थना केलेली आहे. ती तोकडी प्रार्थना त्या मोठ्या प्रार्थनेवर उभी होती. तुमचंही तसंच असणार, तुम्ही ते स्तोत्र पूर्ण पाठ केलेलं असणार! आणि सुटी वचनं म्हणाल तर रानात सैतानानेही येशूला वचनच ऐकवलं होतं, ९१व्या स्तोत्रातलं. येशूने तिन्ही वेळा अनुवाद या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं. मला भीती आहे ती आपण दुसऱ्यावर भिरकावतो त्या वचनाची. स्वतःशी पुटपुटलेल्या वचनाशी माझं भांडण नाही.)

थोरली

भिरकावलेल्या वचनाबद्दल मी लिहिते.

माझी धाकटी बहीण गेली. वय सांगत नाही, जाण्याचं नव्हतं. घरात अजून फुलं पडलेली होती आणि एकजण माझा हात धरून म्हणाले, ‘देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात.’ रोमकरांस ८:२८. मनाने चांगले गृहस्थ, वाईट हेतू अजिबात नव्हता. मी हात सोडवून घेतला. पुढे कितीतरी दिवस तो अध्याय उघडवला नाही.

मग उघडला तेव्हा लक्षात आलं की २८व्या वचनाआधी सगळा अध्याय कण्हतोय. सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. हे सगळं आधी. पुढे ३५व्या वचनात क्लेश, उपासमार, तलवार. म्हणजे ते वचन रडून झालेल्या माणसाने रडणाऱ्यांत बसून म्हटलेलं आहे. मला ते कण्हणं वगळून, कोरडं दिलं गेलं होतं.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आपण नेहमी वाईट उदाहरण म्हणून घेतो. पण दुसऱ्या अध्यायाचा शेवट वाचा. ते येतात, मोठ्याने रडतात, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात. एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

आणि मरण पावलेल्या लाजाराच्या घरी तर येशूला ठाऊक होतं पुढे काय होणार. तो शिष्यांना आधीच सांगून निघालेला, मी त्याला उठवायला जातो. तरी लाजाराची बहीण मरिया रडताना दिसली आणि तो रडला. ‘थांब, दहा मिनिटांत सगळं ठीक होईल’ असं म्हणाला नाही.

आता कुणाच्या घरी असं काही झालं तर मी जाते आणि भांडी घासते. वचन त्यांनी मागितलं तर देते.

झुडपाखाली

१ राजे १९. मी एलीया संदेष्ट्याबद्दल लिहितो, कारण आमच्यात डिप्रेशनबद्दल फारसं बोलत नाहीत. बोललंच तर ‘विश्वास कमी पडतोय’ असं बोलतात.

कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरलेला, मोठा विजय झालेला. त्याला लागूनच ईजबेल राणीची धमकी येते आणि हाच माणूस पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. मग झोपतो. यावर देवाने काय केलं ते नीट बघा. देवदूत पाठवला. देवदूताने त्याला स्पर्श केला आणि म्हटलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. त्याने खाल्लं आणि परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला. पुन्हा तेच, खा, कारण वाट तुला झेपणारी नाही.

‘कर्मेल विसरलास का?’ असं त्याने विचारलं नाही. प्रश्न पुढे होरेब डोंगरावर आला, ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ पण तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून गेल्यावर. आधी अन्न, झोप, पुन्हा अन्न.

माझ्या वाईट काळात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोपेची वेळ ठरवून दिली, जेवण चुकवू नका म्हणाले. आमच्या पाळकांना सांगताना मी चाचरत होतो. त्यांनी हाच अध्याय काढला, मोठ्याने वाचला आणि विचारलं, ‘गोळी घेतलीस का आज?’ दुसरं काही विचारलं नाही. कुणी या काळातून जात असाल तर डॉक्टरांकडे जा, आणि प्रार्थना त्याच्याबरोबर चालू द्या.

फुटबॉलवाल्या मुलीचा बाबा

फिलिप्पैकरांस ४:१३ हे मुलीने बुटांवर लिहिलंय. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे.’ अंतिम सामना हरली. वचनावर रुसली. मग दोघांनी मिळून ११ आणि १२ वाचलं. पौल तुरुंगात आहे आणि सांगतोय की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्ही मी शिकलोय. त्या ‘सर्वकाही’त उपाशी राहणंही धरलेलं आहे. मुलगी म्हणाली, मग हरणंही? म्हटलं, बहुतेक. बुटांवर वचन अजून आहे.

भाऊबंद

वडिलांनंतर जमिनीवरून आम्हा भावांचं बिनसलं. ‘सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर’ हे मला तोंडावर ऐकवणारे खूप. त्या वचनाला लागून येणारा दाखला मी वाचलेला आहे. चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे अशा जवळपास सहा हजार मजुऱ्या. बेरीज करत बसलं तरी लाज वाटते. त्यामुळे क्षमा केली. मनापासून, देवासमोर.

पण भाऊ बोलत नाही. निरोप पाठवला, दारात गेलो, लग्नाला बोलावलं. तिथे मला रोमकरांस १२:१८ ने सावरलं. सर्वांबरोबर शांतीने राहा, पण कसं? ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’. पौलाला माणसं माहीत होती. माझ्याकडचं दार उघडं ठेवणं माझ्या हातात, त्याने उंबरा ओलांडणं त्याच्या. हे कळल्यावर झोप यायला लागली. समेट झालेला नाही, तसं खोटं लिहिणार नाही.

चालणारी

यशया ४०:३१. गरुडासारखे उडतील, धावतील पण दमणार नाहीत, चालतील पण थकणार नाहीत. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून मी त्यांना उठवते, बसवते, फिरवते. उडणं आणि धावणं तरुणांना लखलाभ. मला शेवटचं हवं, आणि यशयानेही ते शेवटीच ठेवलंय. याच अध्यायाच्या सुरुवातीला देव मेंढपाळासारखा कोकरं उराशी धरतो आणि पोरं पाजणाऱ्या मेंढ्यांना सांभाळून नेतो असं आहे. माझ्या चालीचा वेग बघून चालणारा देव. बाकी लिहायला आत्ता वेळ नाही, त्यांची फिरायची वेळ झाली.

निवृत्त

मी असं वचन आणलंय जे कुणी भिंतीवर लावत नाही. २ तीमथ्य ४:१३. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, त्रोवस शहरात कार्पाजवळ माझा झगा राहिलाय तो येताना घेऊन ये, आणि पुस्तकं, विशेषेकरून चर्मपत्रं. बस, एवढंच. आणि २१व्या वचनात म्हणतो, हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर.

याच अध्यायात वर ते प्रसिद्ध वचन आहे, ‘जे सुयुद्ध ते मी केले आहे, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे.’ आमच्या वयाच्या माणसांच्या निरोप समारंभात ते हमखास वाचतात. माझ्याही वेळी वाचलं. पण तेच पत्र खाली वाचत गेलं तर हा धाव संपवलेला म्हातारा कैदेत बसलाय, त्याला थंडी वाजतेय, वाचायला पुस्तकं हवीत, सोबती देमास सोडून गेला याचं दुःख आहे, फक्त लूक जवळ आहे. आणि तो हे सगळं लिहून टाकतो. ‘मला काही नको, प्रभू पुरेसा आहे’ असा आव आणत नाही. प्रभू माझ्याजवळ उभा राहिला हेही १७व्या वचनात लिहितो आणि झगाही मागतो.

बायको गेल्यापासून मी एकटा राहतो. मुलगा दूर. दर रविवारी विचारतो, बाबा काही हवंय का, आणि मी म्हणायचो, काही नको रे, देवाच्या कृपेने सगळं आहे. तीमथ्याला लिहिलेलं ते पत्र वाचून झालं त्या रविवारी त्याला म्हटलं, कानाचं यंत्र नीट चालत नाही, मोठ्या अक्षरांची पुस्तकं हवी आहेत, आणि जमलं तर थंडीच्या आधी ये. पलीकडे तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, यंत्राचा मॉडेल नंबर पाठवा. तिकीट काढलंय त्याने.