पोर्चची फरशी उखडताय, तर रॅम्पही करा

ए-१०४ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. दसऱ्यानंतर पोर्चच्या फरशीचं काम सुरू करतोय. जुनी शहाबादी काढून पॉलिश ग्रॅनाइट बसवायचा आहे, तिन्ही पायऱ्याही नव्या होतील. कोटेशन नोटीस बोर्डावर लावलंय. कोणाला काही सुचवायचं असेल तर रविवारच्या मीटिंगआधी इथेच लिहा.

बी-२०३: दादा, फरशी उखडणारच आहात तर रॅम्प नव्याने करून घ्या, एवढी विनंती. आत्ताचा वापरता येत नाही.

ए-३०१: ताई, पायऱ्यांच्या बाजूला आहे की रॅम्प. बिल्डरनेच करून दिलाय.

बी-२०३: आहे काका, पण त्यावरून गाडी चढते, व्हीलचेअर नाही. तीन पायऱ्या मिळून उंची दीड फूट, आणि रॅम्पची लांबी जेमतेम सहा फूट. म्हणजे चार फुटांत एक फूट चढ. नियम बाराला एक असा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्या दीड फुटाला अठरा फूट लागतात. आत्ताच्या चढावर मी जोर लावला की पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडायला लागते. उतरताना चाकांच्या कड्या घट्ट धरून वेग आवरावा लागतो, तळवे अक्षरशः पोळतात. आणि खाली पोचले की समोर कोणाची तरी स्कूटर लावलेली असते.

सी-१०२: अगं, वॉचमनदादा आहेत ना, हाक मारत जा. आम्हीही आहोतच. कधी नाही म्हटलंय का?

बी-२०३: कधीच नाही, वहिनी. माणसं चांगली आहेत म्हणूनच मोकळेपणी लिहितेय. माणसासकट खुर्ची उचलायला दोघं लागतात. कुठे धरायचं हे माहीत नसलं की लोक हात टेकायच्या दांड्याला धरतात, आणि तो दांडा खुर्चीतून निघून हातात येतो. मी अधांतरी असते तेव्हा. रात्री वॉचमनदादा एकटे असतात, दिवसा कधी पंपावर, कधी मागच्या गेटला. मी औषधं आणायला बाहेर पडायचं की नाही, हे ते कुठे आहेत यावर ठरतं. भाजी, बँक, कॉलेज रोडला मैत्रिणींबरोबर मिसळ खायला जाणं, दर वेळी कोणाला तरी कामातून उठवायचं आणि परत किती वाजता येणार तेही आधी सांगून ठेवायचं. तुम्ही कोणी घरी कधी येणार हे गेटवर सांगून जाता का? मदत नको असं मी म्हणत नाही. पण कोणाला न विचारता घराबाहेर पडता यावं, हे मागणं मोठं आहे असं मला वाटत नाही.

ए-३०१: पटलं. पण अठरा फूट जागा आणायची कुठून? पार गेटपर्यंत जाईल तो.

ए-४०२: काका, सरळ न्यायची गरज नाही. मी सिव्हिलमध्येच आहे. मीटर रूमच्या भिंतीला लागून नऊ फूट, कोपऱ्यात पाच बाय पाचचा सपाट टप्पा, तिथून काटकोनात वळून नऊ फूट. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना रेलिंग, आणि कडेवरून चाक घसरू नये म्हणून चार इंचांची उभी पट्टी. वर लॉबीच्या दारासमोरही पाच फूट सपाट जागा हवी, नाहीतर खुर्ची उतारावर उभी ठेवून दार उघडायचं कसं? आणि सेक्रेटरीसाहेब, पॉलिश ग्रॅनाइट रद्द करा. जून ते सप्टेंबर पोर्च ओलाच असतो, चालणारेही घसरतील. फ्लेम फिनिश घ्या, खरखरीत असतो. फरशी उखडलेली असतानाच हे केलं तर खर्च कमी. नंतर करायचं म्हणजे नवी फरशी पुन्हा फोडा.

सी-३०१: त्या भिंतीला तीन टू-व्हीलर लागतात, त्यातली एक माझी. मेंटेनन्स मीही वेळेवर भरतो. एका फ्लॅटसाठी तिघांनी गाड्या रस्त्यावर लावायच्या का? बाहेर आधीच सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत.

बी-२०३: दादा, गाडीची अडचण खरी आहे, तुम्ही रस्त्यावर लावावी असं मीही म्हणणार नाही. बी विंगच्या मागे मोडक्या सायकली, फुटलेली टाकी आणि कोणाचा तरी जुना पलंग पडलाय. ती जागा रिकामी केली तर तीन-चार गाड्या सहज बसतील. पण ‘एका फ्लॅटसाठी’ हे मला मान्य नाही.

ए-१०२: 🎤 व्हॉइस मेसेज

बी-४०१: आजी, मला ऐकू येत नाही, व्हॉइस मेसेज कळत नाही. कोणी लिहून टाकेल का?

ए-१०२: मी नात, आजी सांगतेय ते टाइप करते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर वॉकर घेऊन त्या तीन पायऱ्या मला चढवत नव्हत्या. डॉक्टर म्हणत रोज खाली जाऊन चाला, आणि मी गॅलरीत फेऱ्या मारत बसले. रॅम्प झाला असता तर मीही वापरला असता. माझं नाव लिहून घ्या.

बी-४०१: धन्यवाद आजी, बाळा तुलाही. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लिफ्ट अडकली तर आतल्या इंटरकॉमवर समोरून कोणी काही बोलतंय का हे मला समजत नाही. बेल पोचली हे कळायला एक दिवा हवा.

बी-२०३: लिफ्टवाल्यांना आणखी एक सांगा. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट फरशीच्या दोन बोटं खाली थांबते. बाहेर पडताना पुढची चाकं त्या कडेला अडतात आणि तोवर दार मिटायला लागतं.

सी-४०१: वकील म्हणून थोडं लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, २०१७ पासून लागू. सुगम्यतेची, म्हणजे इमारती-सेवा दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता याव्यात याची, कलमं ४० ते ४६. पण २०१७ च्या नियमांत मानकं अशा भाषेत आली की ती सूचनांसारखीच राहिली. अंध असलेले राजीव रतुरी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांच्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने त्या नियमांतला मानकांचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानकं तीन महिन्यांत ठरवा असं केंद्राला सांगितलं. आपल्या सोसायटीला उद्या नोटीस येईल असं मी म्हणत नाही. पण ‘जमलं तर करू’ असं याकडे बघू नका. रविवारी ठराव आला तर मी अनुमोदन देतो.

ए-१०४ (सेक्रेटरी): ठीक. कॉन्ट्रॅक्टरकडून रॅम्पसकट नवं कोटेशन मागवतो. ए-४०२, स्केच काढून द्याल का? लिफ्ट सर्व्हिसवाल्यांना दिवा आणि लेव्हलिंग दोन्ही सांगतो. पैसे कमी पडले तर सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून, घेता येतील का ते मीटिंगमध्ये ठरवू. रविवारी संध्याकाळी सहाला, नेहमीप्रमाणे टेरेसवर.

बी-२०३: दादा, टेरेसवर लिफ्ट जात नाही. चौथ्या मजल्यावरून पुढे जिना आहे.

ए-१०४ (सेक्रेटरी): मीटिंग खाली पार्किंगमध्ये. सहालाच.

बी-४०१: ठराव मतदानाआधी कागदावर लिहून फिरवाल का? सगळे एकदम बोलायला लागले की कोणाच्या ओठांकडे बघू ते कळत नाही.

सी-१०२: मी तुमच्या शेजारी बसून लिहून दाखवते, भाऊ.

सी-३०१: बी विंगमागचा पलंग कोणाचा आहे? शनिवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावतोय. टेप घेऊन येतो. गाड्या बसतात का ते मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

बी-२०३: या दादा. दहाला मीही खाली असेन, रॅम्पची जागाही तेव्हाच मोजून घेऊ.