वर्गात मुलांच्या स्वतःच्या कल्पनांना वाव कसा द्यावा? सोलापुरातील एका शिक्षिकेचा प्रश्न आणि त्यावरील चर्चा

प्रश्न: विज्ञान शिक्षिका, माध्यमिक शाळा, सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी सातवी ते नववीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. एकेका तुकडीत साठच्या आसपास मुले आहेत. बहुतेकांचे पालक यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात किंवा विडी वळण्याच्या कामावर आहेत. अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड, आणि शाळेत मात्र सर्व काही मराठीतून चालते. मुले अत्यंत चौकस आहेत, हे मला मधल्या सुट्टीत रोज दिसते. पण तास सुरू झाला की तीच मुले पाठ केलेल्या एका वाक्याच्या आड जाऊन बसतात.

एक उदाहरण देते. माठातले पाणी थंड का होते, असे विचारले की संपूर्ण वर्ग एका सुरात 'बाष्पीभवनामुळे' असे सांगतो. उत्तर बरोबर आहे, परंतु त्यापुढे एकही मूल जात नाही. 'तुम्हाला स्वतःला काय वाटते?' असे विचारले तर माना खाली जातात किंवा नजरा माझ्याकडे लागतात, जणू खरे उत्तर माझ्यापाशीच आहे आणि ते मी केव्हातरी फळ्यावर लिहीनच. भाषा विषयाच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' विचारले जाते खरे, पण तेही मुले गाईडमधून पाठ करून येतात. स्वतःचे मत दुसऱ्याच्या शब्दांत पाठ करावे लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

माझा प्रश्न स्पष्ट आहे. वेगळा तास नाही, वेगळी प्रयोगशाळा नाही, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा आहे. अशा स्थितीत रोजच्या पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांना स्वतःहून नवा विचार करायला कसे प्रवृत्त करावे? प्रत्यक्ष वर्गात करून पाहिलेल्या गोष्टी कळवाव्यात, ही विनंती.

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, पंढरपूर

मॅडम, आपण प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबता, हे एकदा कोणालातरी वर्गात बसवून मोजायला सांगा. अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजले होते. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि उत्तर आले नाही तर लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे त्यांना आढळले. हाच अवधी तीन सेकंदांहून अधिक केल्यावर मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली, आणि मुले आपणहून प्रश्न विचारू लागली. तेलुगू किंवा कन्नड घरातून आलेल्या मुलाला विचार मनात जुळवून तो मराठीत मांडायचा असतो, तेव्हा त्याच्यासाठी हा अवधी याहूनही मोठा ठेवावा लागेल. सुरुवातीला ती शांतता शिक्षकालाच सोसवत नाही, पण ती सोसावी.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची. 'पाणी थंड का होते?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात छापलेले आहे, म्हणून मुले ते छापील उत्तरच देणार. यात त्यांचा दोष नाही. त्याच धड्यावर असे विचारून पाहावे: नव्या माठात पाणी जास्त गार होते आणि दोन-तीन उन्हाळे वापरलेल्या माठात कमी, असे घरातली मोठी माणसे म्हणतात, हे खरे आहे का, आणि खरे असल्यास ते तपासायचे कसे? माठाला बाहेरून तैलरंग दिला तर काय होईल? उन्हाळ्यात गार होणारा माठ पावसाळ्यात तितका गार का होत नाही? या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहू नयेत. मुलांनी आधी अंदाज वहीत लिहावा आणि मग दोन माठ खिडकीत ठेवावेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो, त्यामुळे फरक हाताला जाणवण्याइतका मिळतो. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, ही गोष्ट मुलांनी स्वतः शोधून काढली तर ती त्यांना जन्मभर पुरेल.

उत्तर: गणित शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, मोहोळ तालुका

गुरुजींच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. गणितातला माझा अनुभव जोडतो, कारण गणितात नवा विचार करायला जागाच नसते, असा समज शिक्षकांमध्येही आहे.

'लांबी 8 आणि रुंदी 4, तर क्षेत्रफळ किती?' हे उदाहरण मी उलटे करून देतो: परिमिती 24 सेंटीमीटर असलेले आयत काढा, जितके काढता येतील तितके. बाजू पूर्णांकात घेतल्या तर 1 गुणिले 11 पासून 6 गुणिले 6 पर्यंत सहा आयत मिळतात आणि क्षेत्रफळे 11, 20, 27, 32, 35, 36 अशी येतात. दोरा तेवढाच, पण आतली जागा 11 पासून 36 पर्यंत वाढत गेली, हे पाहून मुले खरोखर चकित होतात. इथे मी थांबतो आणि त्यांच्या प्रश्नांची वाट पाहतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, 'बाजू साडेपाच घेतली तर?' दुसऱ्या मुलाने आयताचा हट्ट सोडून गोल काढला आणि चौकोनी कागदावर त्यातली घरे मोजत बसला. त्याला 36 हून बरीच जास्त घरे मिळाली. वर्तुळाचे सूत्र त्याला अजून शिकवलेलेही नव्हते. अभ्यासक्रम मागे पडला नाही, उलट गुणाकाराचा सरावही त्यातच झाला.

एक सूचना आग्रहाने करतो. गटचर्चा लगेच सुरू करू नये. गटात एक जण बोलतो तेव्हा बाकीच्यांना आपली कल्पना धरून ठेवावी लागते आणि तेवढ्यात ती विरून जाते. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांच्या 1987 च्या संशोधनात गटापेक्षा एकेकट्याने विचार करणाऱ्या तेवढ्याच माणसांना एकूण कल्पना अधिक सुचल्याचे दिसले होते. म्हणून आधी तीन-चार मिनिटे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहावे, मग शेजाऱ्याला सांगावे, आणि त्यानंतरच वर्गापुढे यावे. साठ मुलांच्या वर्गात तर हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो, कारण बाके हलवावी लागत नाहीत.

भाषेबद्दल आपण लिहिले आहे, त्यावर थोडे. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले तेव्हा सगळीकडे त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचीच चर्चा झाली. पण पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणण्याचे त्यांचे काम मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते. पहिला कच्चा विचार मुलांनी घरच्या भाषेत लिहिला तर काय बिघडते? मराठीत तो नंतर आणता येतो.

उत्तर: पालक आणि नक्षी तयार करणारा कारागीर, अक्कलकोट रस्ता

मी शिक्षक नाही, माझा मुलगा आठवीत आहे. बाईंनी यंत्रमागाचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे मुलांना सामान्य ज्ञानासाठी पाठ असते. पण तिच्यावरचा मोर मागावर कसा उमटतो, हे मागाच्या आवाजात वाढलेल्या मुलांनाही सहसा ठाऊक नसते. आमच्या कामात आधी नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात. मागावर बसवलेल्या जकार्ड या यंत्रावर पुठ्ठ्याची कार्डे माळेसारखी ओवलेली असतात. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड. जिथे भोक असते तिथला उभा धागा उचलला जातो, नसते तिथला खाली राहतो, आणि मधून आडवा धागा नेणारा धोटा जातो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर संपूर्ण मोर विणला जातो. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 मध्ये हे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात कार्डांची हीच कल्पना घेतली. आता बऱ्याच ठिकाणी नक्षी संगणकावर होते, पण तत्त्व तेच आहे.

मुलांना बारा गुणिले बाराची चौकट द्या आणि नक्षी काढायला सांगा. मात्र एक अट घाला: एका ओळीत सलग पाचांहून अधिक घरे मोकळी किंवा सलग पाचांहून अधिक घरे भरलेली ठेवायची नाहीत. मागावर धागा लांबवर मोकळा राहिला तर तो कशाततरी अडकून ओढला जातो, म्हणून आम्हालाही अशी मर्यादा पाळावीच लागते. ही अट नसेल तर मुले फूल काढून मोकळी होतात. अट घातली की फुलाच्या मोठ्या पाकळीत काय भरायचे, हा प्रश्न उभा राहतो. कोणी तिरकी रेघ घालते, कोणी ठिपके, कोणी पाकळीच बदलते. नंतर प्रत्येक ओळ फक्त 'भोक' आणि 'कोरे' अशा शब्दांत शेजाऱ्याला वाचून दाखवायची आणि त्याने न बघता ती नक्षी उतरवायची. माझ्या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी घरी हा खेळ खेळताना अर्धीच नक्षी वाचायची आणि उरलेली आरशासारखी उलटवायची, अशी युक्ती आपणहून काढली. आमच्या धंद्यात ती युक्ती जुनी आहे, पण त्यांना ती कोणी सांगितली नव्हती.

उत्तर: भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, कनिष्ठ महाविद्यालय, सोलापूर

वरील सूचना मला आवडल्या, तरी एक गोष्ट ठामपणे मांडतो. कल्पकता आणि पाठांतर यांचे वैर आहे, असे चित्र अशा चर्चांतून तयार होते आणि ते मुलांचे नुकसान करते. पुरेशा माहितीशिवाय सुचलेली कल्पना बहुधा पोकळ निघते. माठाचेच उदाहरण घ्या. साधारण तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते, हे ज्या मुलाला माहीत आहे, तेच मूल पुढचा प्रश्न विचारू शकते: पाच लिटर पाणी 10 अंशांनी थंड व्हायला 50,000 कॅलरी बाहेर जायला हव्यात, तर त्यासाठी किती पाणी उडून जावे लागेल? उत्तर सुमारे 86 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पेल्याहूनही कमी. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने याहून जास्त पाणी उडते; किती जास्त, हे किराणा दुकानातल्या तराजूवर मोजता येते. एवढ्या थोड्या पाण्यावर संपूर्ण माठ गार होतो, हे लक्षात आले की भाजीची टोपली, दुधाचे पातेले, पत्र्याचे छप्पर, असे मुलांचे विचार स्वतःहून धावू लागतात.

म्हणून सूत्रे आणि आकडे पाठ असायलाच हवेत, असे माझे मत आहे. शिक्षकाने एवढेच पाहावे की पाठ झालेली गोष्ट त्याच आठवड्यात कशासाठीतरी वापरली जाईल. इन्स्पायर-मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलांकडून कल्पना मागवतात आणि निवड झाल्यास 10,000 रुपये मिळतात. योजना उत्तम आहे, पण त्यासाठी अनेक ठिकाणी मोठी माणसेच कल्पना लिहून देतात, हे थांबले पाहिजे. मुलाची ओबडधोबड कल्पना त्याच्याच नावाने गेलेली बरी.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. प्राध्यापक सरांचा मुद्दा मला पटतो. 'बाष्पीभवन' हा शब्द मुलांना येतो, पण त्यामागचा आकडा त्यांच्या हाती मी दिलेला नाही, हे ध्यानात आले. आता एक अडचण उरते. मुले लगेच विचारतात, 'बाई, याला किती मार्क?' मार्क नाहीत म्हटले की वही बंद होते, आणि मार्क द्यायचे ठरवले तर कल्पनेला मार्क द्यायचे तरी कसे?

उत्तर: शिक्षक-प्रशिक्षक, बार्शी

मॅडम, आठवीपर्यंत आपल्याकडे आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकवताना वर्षभर चालणारे मूल्यमापन, आहेच आणि त्यात दैनंदिन निरीक्षण, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प ही साधने दिलेली आहेत. माठाचा प्रयोग आणि चौकटीतली नक्षी त्यांतच बसतात, वेगळी परवानगी लागत नाही. गुण द्यायचेच तर कल्पना किती भन्नाट आहे यावर न देता मुलाने ती कशी तपासली, नोंद किती प्रामाणिक ठेवली आणि दुसऱ्या वेळी काय बदलले, यावर द्यावेत. या तिन्ही गोष्टी वहीत दिसतात, त्यामुळे पालकांनाही दाखवता येतात.

मात्र पहिल्या टप्प्यावर गुण देऊच नयेत. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, तर काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले आणि त्यांची आवडही टिकली. ज्यांना गुणांसोबत शेरा मिळाला त्यांना त्या शेऱ्याचा फारसा लाभ झाला नाही, कारण गुण समोर दिसले की शेऱ्याकडे लक्ष जात नाही. साठ वह्यांवर दर आठवड्याला शेरे लिहिणे शक्य नाही, याची मला कल्पना आहे. दर आठवड्याला एका ओळीतल्या मुलांच्या वह्या घ्याव्यात आणि एकच वाक्य लिहावे, तेही शक्यतो प्रश्नाच्या रूपात. 'छान' असे लिहिण्यापेक्षा 'दोन्ही माठांत पाणी सारखे होते का?' हे लिहिणे मुलाला पुढे नेते. नववीसाठी हे कितपत जमेल, हे शाळेच्या चाचणी-वेळापत्रकावर अवलंबून राहील, तेव्हा सुरुवात सातवीपासून करावी.

पालक, अक्कलकोट रस्ता

बाई, मुलांना हाताळायला जकार्डची खरी कार्डे हवी असतील तर वापरातून गेलेल्या माळा आमच्याकडे पडून आहेत. ज्या नक्षीची मागणी आता येत नाही, तिचीच कार्डे देता येतील, कारण चालू नक्षी गिऱ्हाइकाची असते. मालकांना विचारून पुढच्या आठवड्यात कळवतो. एका तुकडीला शेजारच्यासोबत बसून पाहायला तीसेक कार्डे पुरतील, असे वाटते.