मदत हवी आहे: घुसखोर ड्रोन पाडायचा अधिकार कायद्याने कुणाला द्यावा?

नमस्कार मंडळी. हवाई हद्दीत घुसणाऱ्या ड्रोनना रोखण्यासाठीच्या प्रस्तावित कायद्यांवर मी टिपण लिहितेय आणि एका मुद्द्यावर पुरती अडकलेय.

नागरी विमानवाहतुकीबाबतच्या १९४४ च्या शिकागो या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपल्या भूभागावरच्या आकाशावर प्रत्येक देशाचं पूर्ण सार्वभौमत्व आहे, इथवर ठीक. पण डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे सुमारे हजार उड्डाणं विस्कळीत झाली. अशा वेळी निर्णय कुणी घ्यायचा? पोलिसांनी, लष्कराने की विमानतळ चालवणाऱ्यांनी? अमेरिकेत तर ड्रोनही विमानच मानलं जातं, म्हणजे ते पाडणं हाच गुन्हा ठरू शकतो. तिथे २०१८ च्या कायद्याने गृहसुरक्षा आणि न्याय खात्यांना मर्यादित सूट दिली.

मला खरी काळजी वाटते ती जॅमरची, म्हणजे ड्रोनचा रेडिओ सिग्नल दाबणाऱ्या यंत्राची. सिग्नल दाबला की आसपासच्या विमानांच्या जीपीएसलाही धोका, आणि रेडिओऐवजी फायबरच्या तारेतून आदेश घेणाऱ्या ड्रोनवर जॅमरचा उपयोगच नाही. गोळी घातली तर तुकडे खालच्या माणसांवर पडणार. मग भरपाई कोण देणार?

हवाई वाहतूक किंवा कायद्याच्या क्षेत्रातलं कुणी आहे का इथे? भरपाईचं कलम कसं लिहावं, हे कृपया समजावून सांगा. एखाद्या देशाचा मसुदा दाखवलात तर फारच बरं होईल.