लोकलमध्ये बाई कशाला घाबरते आणि पुरुष कशाला?

बदलापूरकरीण:
ऑफिसात परवा वाद झाला. सहकारी म्हणाला, "तुम्हाला वेगळे डबे, लेडीज स्पेशल, रात्री डब्यात पोलीस. तरी असुरक्षित तुम्हीच?" मला वाटतं, दोघांची भीती उलट्या बाजूने चालते. गर्दीत पुरुष जीव मुठीत धरतो. आमची भीती डबा रिकामा झाल्यावर सुरू होते. शेवटची कर्जत घ्या. ठाण्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा चिडचिड होते, भीती नाही. डोंबिवली-कल्याणला डबा ओततो. उल्हासनगरनंतर तिघी-चौघी उरतो आणि आपापली खिडकी सोडून एका बाकावर येऊन बसतो. पोलीस असला तर ठीक, नाहीतर गाडी थांबली की दाराकडे नजर. पलीकडच्या जनरलमध्ये पुरुष चक्क आडवे झालेले असतात. आम्ही डुलकीसुद्धा काढत नाही.

विरार फास्ट:
साफ असहमत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. रोज कोणीतरी मरतं, आणि त्यात पुरुषच जास्त. तुमची ती भीती, आमचं ते मरण. आणि आडवा होणारा माणूस बारा तासांची ड्यूटी करून आलेला असतो हो.

बदलापूरकरीण:
मरण कमी लेखलंय कुठे? पण तुमच्यावर उपाय म्हणजे गाड्या वाढवणं. रात्री गाड्या वाढल्या तर माझा डबा आणखी रिकामा.

गिरगावची आजी:
५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा मी नोकरीत होते. फार सुख वाटलं. तरी माझं मत ऐका: उशीर झाला तर सरळ जनरलमध्ये चढावं. चाळीस जणांत एक नालायक असेल, उरलेले बघत तर असतात! मोकळ्या लेडीजमध्ये कोणी घुसला तर बघणारं कोण? लेकीला हेच सांगते, तिला पटत नाही.

सेफ्टीपिन:
लेकीचं बरोबर आहे, काकू. बघणारे काय करतात ते मी बसमध्ये पाहिलंय. मागचा मुद्दाम खेटत होता, मी ओरडले. तर सीटवरचे एक गृहस्थ म्हणतात, "गर्दीत लागतो धक्का, एवढं असेल तर टॅक्सीने जा." तो पुढच्या स्टॉपला आरामात उतरला.

विरार फास्ट:
एका गृहस्थावरून सगळ्यांना झोडू नका. लेडीज डब्यात घुसणाऱ्याला रेल्वे कायद्यात दंड आहेच.

सेफ्टीपिन:
कलम १६२. जास्तीत जास्त ५०० रुपये. बाहेर काढतात, हेही लिहिलंय. पण काढणारा तिथे हवा ना!

अंधेरी स्लो:
एवढं भांडता कशाला? सगळ्या लोकल एसी करा. दारं बंद, कोणी पडणार नाही, कोणी चालत्या गाडीत चढणार नाही. दोघांचाही प्रश्न सुटला.

विरार फास्ट:
भाडं तुम्ही भरणार का? आणि गर्दीत दारच लागलं नाही की गाडी जागची हलत नाही.

बदलापूरकरीण:
शिवाय कोणी स्टेशनवरच चढला आणि दार लागलं, तर पुढच्या स्टेशनपर्यंत मीही त्याच्याबरोबर आत. मला एसी नको. कल्याणच्या पुढे प्रत्येक गाडीत पोलीस बसलेला हवा, आणि स्टेशनबाहेर रिक्षा मिळेपर्यंत दिवे चालू हवेत.

गिरगावची आजी:
तोवर जनरल.