पाचशेच्या खालची गाडी म्हणजे खेळणं म्हणे!

मीटरवाली

परवा एकाने साधा प्रश्न विचारला होता. एमजी ४ ही विजेवरची गाडी घ्यायची आहे, ५१ युनिटची (किलोवॉट-तास) बॅटरी घेऊ की ७७ ची? रोजचं जाणं-येणं साठ किमीच्या आत, रात्री घरी चार्जिंगची सोय, अधूनमधून लांबचा प्रवास. त्यावर 'चौथा गियर' यांचं उत्तर: "पाचशेच्या खालची ईव्ही म्हणजे खेळणं. पैसे कमी पडत असतील तर थांबा, पण घ्याल तर मोठीच घ्या." पाचशे म्हणजे एका चार्जिंगमध्ये पाचशे किमीची रेंज. खाली भराभर अनुमोदनं. विचारणारा बिचारा आता जास्तीचं कर्ज काढायच्या तयारीत आहे. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

एक तर हा पाचशेचा आकडा कुठला? युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या रेंजच्या चाचणीचा असेल तर ती २३ अंशाला, सरासरी ताशी साडेशेहेचाळीसच्या वेगाने होते. चीनच्या सीएलटीसी चाचणीचा असेल तर सरासरी वेग तिशीच्याही आत. अमेरिकेत ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत चाचणीचा आकडा साधारण तीस टक्के कापून मग छापतात. तीन बोर्डांच्या तीन मार्कशीट, आणि तुम्ही नुसतं "पाचशे पाहिजेत" म्हणताय.

त्यात रेंज म्हणजे बॅटरी भागिले खप. बॅटरीकडे सगळे बघतात, खपाकडे कोणी ढुंकून बघत नाही. टेस्ला मॉडेल ३ ची २०२४ ची साधी, मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती साठ युनिटच्या आसपासच्या बॅटरीत ५१३ किमी दाखवते. एमजी ४ ला ५२० दाखवायला ७७ लागतात. रेंजच्या रकान्यात दोघी सारख्या. पण एकीला दर शंभर किमीला दोन-तीन युनिट जास्त लागणार, विकेपर्यंत. चार्जरवरही तीच जास्त वेळ उभी राहणार, कारण तेवढेच किलोमीटर भरायला तिला जास्त वीज ओतावी लागते.

आणि खर्च. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत बॅटरी पॅकची जागतिक सरासरी युनिटला ११५ डॉलर निघाली. दोन आवृत्त्यांच्या किमतींमधला फरक या हिशेबात बसवून बघा, बसणार नाही. कारण मोठ्या बॅटरीबरोबर मोठी चाकं, भारी स्पीकर, काचेचं छप्पर असलं काहीबाही गळ्यात मारलेलं असतं. त्यातली मोठी चाकं तर रेंज खातात! वर मोठ्या बॅटरीचं जादा वजन रोज साठ किमी फिरवायचं. कशासाठी?

५१ ची घ्या. उरलेल्या पैशांत लांबच्या प्रवासाला भाड्याने गाडी घ्या, नाही तर वाटेत निवांत थांबा.

चौथा गियर

माझ्या नावाने धागा, वा! आता हिशेब तुमच्याच पाटीवर मांडू. ५१ ची गाडी हायवेला १२० ने. शंभराला वीस युनिट धरा, मी उदार होऊन धरतोय. पूर्ण बॅटरीत अडीचशे किमी. पण वाटेत कोणी शंभर ते शून्य करत नाही. चार्जरवर ऐंशीपर्यंत भरायचं, कारण पुढे वेग कोसळतो, आणि दहा टक्के उरले की पुढचा चार्जर गाठायचा. राहिले किती? १७५. दीड तासाच्या आत परत थांबा! ७७ वाल्याचे तेच २६० होतात. दोन तासांनी माणसालाही थांबायचंच असतं.

यात कडाक्याची थंडी घाला. हीटर बॅटरीवरच चालतो, इंजिनाची फुकटची ऊब इथे नाही. तीस टक्के सहज गेले. १७५ चे १२० झाले. झालं ना खेळणं?

"निवांत थांबा" म्हणणं सोपं आहे. मी थांबलोय. मागच्या सीटवर पोरं झोपलेली, रात्रीची वेळ, ॲपमध्ये चार्जर 'चालू' आणि प्रत्यक्षात स्क्रीन काळी. पुढचा चार्जर गाडी दाखवत होती त्या रेंजच्याही पलीकडे. हीटर बंद, जॅकेटं चढवून एका ट्रकच्या मागे ऐंशीच्या वेगाने रांगत गेलो. बायको त्या रात्री जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून जादा बॅटरी ही चैन नाही, विमा आहे.

हिशेबनीस

चौथा गियर, तुमच्याच गोष्टीत तुमचं उत्तर आहे. ऐंशीने गेलात म्हणून पोचलात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० चे १०० केलेत तरी तो तीस टक्क्यांनी उतरतो. सगळा खप हवेपायी नसतो, पण हायवेला मोठा वाटा तिचाच. वेग कमी करणं फुकट आहे, बॅटरी नाही.

चौथा गियर

म्हणजे एवढे पैसे मोजून ट्रकमागे रांगायचं? धन्यवाद, माझी जुनी डिझेल बरी होती.

उतारावरून

रेंज रेंज काय लावलंय? मला सांगा, वायपरचा वेग बदलायला स्क्रीनच्या आत बोटं घालावी लागतात अशा गाड्या लोक विकत कसे घेतात? पाऊस कोसळतोय, समोरचं दिसत नाही आणि मी मेनू शोधतोय. युरो एनसीएपीने, म्हणजे युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून मार्क देणाऱ्या संस्थेने, शेवटी २०२६ पासून ठरवलंय की इंडिकेटर, वायपर, हॉर्न असल्या गोष्टींना खरी बटणं नसतील तर पूर्ण मार्क मिळणार नाहीत. इतकी वर्षं काय झोपले होते? मी तर शोरूममध्ये आधी बटणं मोजतो, मग बॅटरी विचारतो.

मीटरवाली

उतारावरून दादा, प्रत्येक धाग्यावर बटणं! त्यासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन अनुमोदन देते.

बिनधास्त बंडू

एवढं लिहिलंत पण मुख्य मुद्दा कोणाच्याच लक्षात नाही. ५१ ची बॅटरी एलएफपी (लिथियम, लोह, फॉस्फेटची) आहे. मधली ६४ ची आणि ७७ ची एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्टची). एलएफपी रोज बिनधास्त शंभर टक्के भरा. एनएमसी रोज ऐंशीवर थांबवा. म्हणजे रोजच्या वापरात सामना ५१ विरुद्ध ७७ असा नाहीच, ५१ विरुद्ध जेमतेम ६२ असा आहे. जी चावी कधी पूर्ण फिरवायची नाही तिचे पैसे का द्यायचे?

शंकेखोर

"रोज बिनधास्त शंभर टक्के" हे कोणी सांगितलं?

बिनधास्त बंडू

टेस्लाने. एलएफपी आठवड्यातून एकदा तरी शंभर करा असं त्यांच्याच पुस्तिकेत आहे. अजून कोणाची सही आणू?

शंकेखोर

आठवड्यातून एकदा आणि रोज यांत फरक असतो, निदान मला शिकवलं त्या गणितात. आणि का करायचं तेही समजून घ्या. एलएफपीच्या सेलचा व्होल्टेज बराच काळ ३.२ च्या आसपास सपाट राहतो. त्यावरून किती चार्ज उरलाय हे गाडीला नीट कळत नाही. शंभरला नेलं की तिला एक पक्की खूण सापडते, आकडे जुळतात. ती सोय गाडीच्या हिशेबासाठी आहे, बॅटरीच्या तब्येतीसाठी नाही. बॅटरी संशोधक जेफ डान यांच्या कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये एलएफपीवरच काम प्रसिद्ध केलं. वरच्या टोकाला, म्हणजे जवळपास पूर्ण भरलेल्या अवस्थेत चालवलेले सेल खालच्या टप्प्यात चालवलेल्या सेलपेक्षा लवकर थकतात. रसायन कुठलंही असो, भरलेल्या अवस्थेत उष्णतेत उभी ठेवलेली बॅटरी कुरकुरतेच.

खुंटीवरची टोपी

माझी एलएफपी आहे. घेतल्यापासून रोज रात्री शंभर. काहीही झालेलं नाही. प्रयोगशाळावाल्यांनी माझ्याकडे चहाला यावं.

शंकेखोर

माझे एक नातेवाईक दिवसाला दोन पाकिटं ओढून नव्वदीपर्यंत जगले. त्यावरून काय ठरवायचं?

बिनधास्त बंडू

साहेब, बऱ्याच कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किमीची वॉरंटी देतात, सत्तर टक्के क्षमतेची हमी. बरेच लोक त्याआधी गाडी विकून मोकळे होतात. तुम्ही गाडी वापरता की काचेच्या कपाटात ठेवता? मी वीस टक्के बॅटरी आयुष्यभर वापरायचीच नाही म्हणजे ती पहिल्या दिवसापासूनच मेलेली समजायची की!

शंकेखोर

आणि तुमच्याकडून ती जुनी गाडी जो घेईल त्याने काय करायचं? २०१० ची पहिली निसान लीफ आठवते का? बॅटरी थंड करायची यंत्रणाच नव्हती. २०१२ पर्यंत ॲरिझोनाच्या उन्हात लोकांच्या डॅशबोर्डवरच्या, बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या कांड्या गळायला लागल्या. तेव्हाही "आमच्या गाडीला काही झालं नाही" म्हणणारे होतेच, थंड हवेत राहणारे. बिनधास्तपणा दुसऱ्याच्या खर्चाने करू नये.

बिनधास्त बंडू

लीफ एलएफपी नव्हती! विषय काय, उदाहरण काय! दोन शोधनिबंध चाळले की माणूस स्वतःला बॅटरीचा डॉक्टर समजायला लागतो.

शंकेखोर

दोन चाळले हे शून्य चाळण्यापेक्षा बरं. विषय उष्णतेचा आहे. "ॲरिझोनाच्या उन्हात" हे मागच्या प्रतिसादात मराठीतच लिहिलं होतं.

चौथा गियर

तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा. आणि बंडू, प्रवासाला निघताना एनएमसीही शंभर करता येते. ऐंशी रोजसाठी. तुमचं ते "५१ विरुद्ध ६२" ज्या दिवशी रेंज खरोखर लागते त्याच दिवशी खोटं पडतं.

मीटरवाली

हे मात्र बरोबर आहे, चौथा गियर बोलले असले तरी.

पण तुमच्या 'विमा' प्रकरणाकडे येते. लांबच्या प्रवासाला किती वेळ लागतो हे नुसत्या रेंजवर ठरत नाही. शेवरोले बोल्ट घ्या. ईपीएच्या कडक पद्धतीतही २०२० च्या मॉडेलची रेंज चारशेच्या वर. पण वाटेतल्या जलद (डीसी) चार्जरवर पन्नास-पंचावन्न किलोवॉटच्या पुढे जात नाही. एकदा थांबलात की तास गेलाच. उलट ह्युंदाई आयोनिक ५ ही ८०० व्होल्टची, म्हणजे वीज झपाट्याने घेणारी. चार्जर ३५० किलोवॉटचा असेल तर दहा ते ऐंशी टक्के अठरा मिनिटांत, असा कंपनीचा दावा. दोन थांबे जास्त झाले तरी ती आधी पोचेल. विमाच काढायचा तर बॅटरीच्या आकाराचा कशाला, चार्जिंगच्या वेगाचा काढा.

चौथा गियर

३५० चा चार्जर वाटेत उभा असेल आणि चालू असेल तर! माझ्या त्या रात्रीच्या चार्जरवरही भला मोठा आकडा छापलेला होता. चार्जर बंद असेल तर अठरा मिनिटं काय आणि अठरा तास काय. बॅटरीतली वीज माझी असते, चार्जरमधली दुसऱ्याच्या कृपेची.

रोजच्या साठ किमीला ५१ पुरते हे मी कधी नाकारलं?

मीटरवाली

"खेळणं" म्हणालात त्या दिवशी.

चौथा गियर

बरं, चांगलं, दणकट, साठ किमीचं खेळणं. खूश?

नवा_वाहक

नमस्कार, मूळ प्रश्न माझाच. सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. एक सांगायचं राहिलं होतं. लांबचा प्रवास म्हणजे बहुतेक वेळा आईवडिलांकडे, २३० किमी एका बाजूला. वाटेत एकच चार्जर आहे आणि तो बऱ्याचदा बंद असतो. तिकडे घरी साधा प्लग आहे. हिवाळ्यात थंडी चांगलीच असते. चुकीचं काही विचारत असेन तर माफ करा.

चौथा गियर

हे आधी सांगायचं की राव! मीटरवाली ताई, आता बोला.

मीटरवाली

बोलते की. १०० चा वेग, शंभराला साडेसोळा युनिट धरले तर २३० किमीला ३८. ५१ मध्ये पाव बॅटरी उरते. थंडीत खप तीस टक्क्यांनी वाढला की ४९ लागतात आणि गाडीत वापरता येतात ५०.८. म्हणजे दारात पोचेपर्यंत जीव टांगणीला. हिवाळ्यासाठी ५१ नाही, हे मान्य. पण ७७ सुद्धा नाही! ६४ ची घ्या. तिच्यात एकसष्टच्या वर वापरता येतात, थंडीतही पंधरा-वीस टक्के हातात राहतात. तिकडच्या साध्या प्लगवर रात्रभरात पंधरा-वीस युनिट चढतील. दोन रात्री राहिलात तर परतीचं बरंचसं भरून निघेल. आईवडिलांकडे दोन रात्री राहायला हरकत नसावी.

चौथा गियर

६४ ला माझी ना नाही. पण पंधरा टक्के शिल्लक हे तुमचं १०० च्या वेगाचं आणि शांत वाऱ्याचं गणित. १२० ने गेलात तर वाटेतला तो बंद चार्जर आठवेल. नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो.

हिशेबनीस

निघण्यापूर्वी गाडी प्लगला असतानाच आतली हवा गरम करून घ्या. ती वीज भिंतीतून येईल, बॅटरीतून नाही. टायरची हवाही थंडीत उतरते, तपासा. असल्या फुकटच्या गोष्टी कोणी करत नाही आणि मग रेंजच्या नावाने खडे फोडतात.

उतारावरून

त्या गाडीत एसीला बटण आहे का?

शंकेखोर

६४ ची एनएमसी आहे, तेव्हा रोज ऐंशी. आईवडिलांकडे जायच्या आदल्या रात्री शंभर करा. फक्त भरून दोन-दोन दिवस उभी ठेवू नका. निघायच्या वेळेच्या जरा आधी पूर्ण होईल असा टायमर लावा.

बिनधास्त बंडू

म्हणजे शेवटी शंभर टक्केच ना? मग एवढा कीस कशाला पाडलात?

शंकेखोर

"आदल्या रात्री" हे दोन शब्द परत वाचा. सावकाश, १०० च्या वेगाने नको.