द्राक्षबागेतली चालकविरहित गाडी : आरटीके घ्यावा की लायडार?

चाकोरी : नमस्कार मंडळी. एम.टेक.चा प्रकल्प आहे. निफाडकडच्या मांडवाच्या बागेत ९ फुटी ओळींतून स्वतःहून चालणारी छोटी गाडी. चार चाकं, स्किड पद्धतीचं वळण (चाकं न वळवता दोन बाजूंचा वेग वेगळा ठेवून), वेग ताशी ३ किमी. पैसे एकाच मोठ्या सेन्सरपुरते आहेत : आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक उपग्रह-स्थान देणारा) घ्यावा की लायडार (लेसर किरणांनी भोवतालची अंतरं मोजणारा)? शिवाय गाडी ओळीत नागमोडी चालते, पीआयडीचे (चुकीच्या प्रमाणात वळण दुरुस्त करणाऱ्या नियंत्रकाचे) आकडे कितीही बदलले तरी.

खोडवा : ओळीत असताना गाडीला अक्षांश-रेखांश नकोच असतात. मध्यापासून किती सरकली आणि ओळीशी किती कोनात आहे, एवढंच हवं. ते खोडांच्या रांगांवरून मिळतं. तेव्हा लायडार. आरटीके लागेल तो ओळ संपल्यावर वळायला. ऑक्टोबर छाटणीनंतर मोकळ्या मांडवाखाली तो झकास चालेल, कॅनॉपी (पानांचं छत) भरली की फिक्स, म्हणजे सेंटिमीटरची अचूकता, जाईल. फक्त छाटणीनंतरच्या चाचणीवर प्रबंध लिहिलात तर फसाल.

लायडार टाइम-ऑफ-फ्लाइटच (प्रकाश परतायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणारा) घ्या, त्रिकोणी मोजणीचे स्वस्त लायडार उन्हात आंधळे होतात. किरणांमधला कोनही बघा. १ अंश असेल तर ५ मीटरवर दोन किरणांत पावणेनऊ सेंमीची फट पडते, ५ सेंमीचं खोड त्यातून सहज निसटतं. ०.१२ अंशाला तीच फट १ सेंमी.

४० सेंमी उंचीवर बसवलात आणि चाक खड्ड्यात जाऊन गाडी ५ अंश पुढे झुकली, तर साडेचार मीटरवर जमीनच भिंत म्हणून दिसते. आयएमयूचा (झुकाव आणि वळण मोजणाऱ्या सेन्सरचा) पिच, म्हणजे पुढे-मागे झुकाव, वापरून तेवढे बिंदू गाळा. उरलेल्यांवर रॅनसॅकनं (भरकटलेले बिंदू वगळून रेषा बसवण्याची रीत) दोन समांतर रेषा बसवा, त्यांच्यातलं अंतर २.७४ मीटर बांधून द्या. गवत बरंचसं तिथेच बाद होतं.

दुपारपाळी : नागमोडीचं मूळ बहुधा पीआयडीत नाही, उशिरात आहे. आरओएस २ मध्ये (रोबोटच्या सॉफ्टवेअर चौकटीत) लायडारच्या स्कॅनच्या हेडरवर मोजणीची वेळ पडते की संदेश पोचल्याची, ते आधी तपासा. तुमच्या वेगाला ०.२ सेकंद उशीर म्हणजे १७ सेंमी शिळी माहिती. मग प्युअर परस्यूट (वाटेवरच्या पुढच्या एका बिंदूकडे वळत राहण्याची पद्धत) लावा आणि तो लक्ष्यबिंदू ०.८ वरून १.६ मीटरवर न्या. वक्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे तेवढ्याच चुकीला वळण चौथाईवर येतं.

चाकोरी : दिशा कंपासवरून घेतोय, चालेल ना?

खोडवा : डोक्यावर लोखंडी अँगल आणि तारा असताना? बंद करा तो. सुरुवातीला १५ सेकंद गाडी न हलवता जायरोचा (वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) बायस, म्हणजे स्थिर असतानाही दिसणारी चूक, काढा. वळणाचा वेग जायरोकडून घ्या, एन्कोडरकडून (चाकाचे फेरे मोजणाऱ्याकडून) फक्त पुढचा वेग. स्किड गाडीत चाकांवरून काढलेला कोन खोटाच असतो, त्यात ड्रिपखालची ओली काळी माती. जायरो हळूहळू सरकेल, पण खोडांच्या रेषा त्याला जागेवर आणतात.

बांधकरी : हेच काम ड्रोननं करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर : ड्रोन नियम २०२१ मध्ये मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी सूट आहे, पण ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) आणि आपल्या ताब्यातल्या जागेतच. ओझर विमानतळ लांब नाही, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा झोनचा नकाशा आधी उघडा.

आणि गाडीवाल्यांनो, एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या ओळीतच पडलेल्या असतात, त्या शाफ्टला गुंडाळून एन्कोडर उपटतात. पत्र्याचं गार्ड लावा.